द्विपक्षीय, मवाळ आणि पुरोगामी

२ जून, सकाळ
लोकांचे उच्चार बिघडले आहेत. याची कुणीतरी नोंद ठेवायला हवी. बाकी कुणी ठेवेल असं दिसत नाही, म्हणून मी ठेवतो.

पूर्वी माणसं तोंड उघडून बोलायची. आता पहिलं अक्षर गिळतात, शेवटचं चघळतात आणि मधे जे उरतं ते समोरच्याच्या अंगावर टाकतात. लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात निम्मं आयुष्य गेलं, आता कक्षप्रमुख आहे, तेव्हा हे मी नाही बोलायचं तर कुणी? लिफ्ट बंद पडली की लोक मला फोन करतात, मी मेकॅनिक पाठवतो. सगळा खेळ ऐकण्याचा.

शेजारच्या टेबलावर नवीन मुलगी आली आहे. तिचं नाव मी मनातल्या मनात कुजबुज ठेवलंय. ओठ हलतात, आवाज नाही. आज तिला सांगितलं, पोटातून बोलत जा. ती त्यावर काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. मी तरी दुसरं काय सांगत होतो.

५ जून
हिचं म्हणणं, कान तपासून घ्या. हे वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे कान ठणठणीत आहेत. विषय संपला.

संध्याकाळी ही आरशासमोर उभी राहून म्हणाली, चाल कशी वाटते? लग्नाला इतकी वर्षं झाली, असा प्रश्न पहिल्यांदाच. मी मोकळेपणाने सांगितलं, की मंदावली आहे, डावीकडे जरा झुकते, पण वजन उतरवलंस तर सुधारेल. नवऱ्याने खरं बोलावं या मताचा मी आहे.

जेवताना गप्प होती. मनावर घेतलं असावं. चांगलं लक्षण आहे.

६ जून
मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, पण आमच्या घरातल्या बातम्या तिला माझ्याआधी कळतात. म्हणाली, बाबा, आईने नवी शाल घेतली, ती शालीबद्दल विचारत होती.

मग चाल कोण म्हणालं? शाल म्हणायचं तर श नीट म्हणावा. जीभ टाळूला लावायला कष्ट पडत नाहीत. हिला आत जाऊन तसं समजावून सांगितलं. उपयोग झाला नाही. शाल कपाटात गेली.

१० जून
टीव्हीच्या आवाजावरून वाद. ही म्हणते खालच्या मजल्यावर बातम्या कळतात. मी म्हटलं, कळू देत, त्यांचं ज्ञान वाढेल. खालचा वकील जिन्यात भेटला, हसून काहीतरी म्हणाला, मीही हसलो. संबंध चांगले आहेत.

निश्चय: (१) आपण स्वतः मोठ्याने आणि स्पष्ट बोलायचं, म्हणजे बघून लोक शिकतील. (२) समोरच्याने पुटपुटलं तर दोनदाच "काय?" म्हणायचं. तिसऱ्यांदा अंदाजाने उत्तर द्यायचं. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

१४ जून
अखेर कान दाखवून आलो. घरात शांतता नांदावी म्हणून. शांतता तशी हल्ली नांदतेच आहे, ही फारसं बोलत नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय तक्रार? हा शब्द मी रोज पन्नास वेळा ऐकतो. मी म्हटलं, माझी काहीच तक्रार नाही, तक्रार हिची आहे. बाईंनी खुर्ची फिरवली, हिला जवळ बसवलं आणि हिच्या कानात बॅटरी मारून बघायला लागल्या. हिचे कान उत्तम निघाले. ही उठून मला म्हणाली, बसा आता तुम्ही. हे शब्दांत नाही, बोटाने.

मग मला काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन. आवाज आला की बटण दाबा. पहिले दोन आवाज आले. मग बराच वेळ काही नाही. काहीच नाही म्हटल्यावर माणूस अस्वस्थ होतो. काचेपलीकडे ही बसलेली, बाई बसलेल्या, दोघी माझ्याकडे बघतायत. तेव्हा ठरावीक अंतराने दाबत राहिलो. अनुभवाला काही अर्थ आहे की नाही. बाई आत आल्या आणि म्हणाल्या, मशीन अजून सुरूच केलेलं नाही. दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून.

१७ जून
रिपोर्ट आला. वाचून खरोखर बरं वाटलं.

बायलॅटरल. मॉडरेट. प्रोग्रेसिव्ह. असे तीन शब्द ओळीने लिहिले आहेत. बायलॅटरल म्हणजे द्विपक्षीय, दोन्ही बाजूंचा विचार करणारा. मॉडरेट म्हणजे मवाळ. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी. एखाद्या पुढाऱ्याच्या श्रद्धांजलीतसुद्धा हे तीन शब्द एकत्र सापडायचे नाहीत, आणि इथे एका डॉक्टरने जिवंत माणसाबद्दल लिहिलेत. शेवटी 'लॉस' असाही एक शब्द आहे, पण तीन विशेषणांपुढे एका नामाचं काय चालणार.

वर 'हिस्टरी' म्हणून रकाना आहे, तिथे 'दीर्घ' लिहिलंय. आम्हाला इतिहास आहे.

माझा चष्मासुद्धा प्रोग्रेसिव्हच आहे. चष्मेवाल्याने तेव्हा सांगितलं होतं, की सगळ्यात वरचा प्रकार हाच. कानाचंही तेच धोरण दिसतं.

बाईंनी पुन्हा भेटायला बोलावलंय. इतका चांगला रिपोर्ट आल्यावर कशाला भेटायचं? त्यांचाही वेळ जातो.

१८ जून
ऑफिसात चहाच्या वेळी सांगितलं, कान तपासले, प्रोग्रेसिव्ह निघाले. साहेबांनी कप खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुजबुजच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून डोळे भरणारी माणसं अजून आहेत. तिच्याबद्दलचं मत थोडं बदललं.

२३ जून
धावपळीचा दिवस. पण काम फत्ते.

सकाळी एका बाईंचा फोन. लिफ्टमध्ये अडकल्यात, एकट्याच. इमारत क्रमांक आठ. आमचा मेकॅनिक, याला सगळे पान्हा म्हणतात, तो त्याच बाजूला होता. ताबडतोब पाठवला. त्याचा फोन आला, लिफ्ट चालू आहे. शाबास म्हटलं. असा वेग असतो अनुभवाचा.

बाईंचा पुन्हा फोन आला. माणूस आला असं काहीसं सांगत होत्या. धन्यवाद म्हटलं. मग आणखी एकदा, आणि मग आणखी एकदा. काही लोकांना उपकार मानल्याशिवाय चैन पडत नाही. दर वेळी धन्यवाद म्हटलं.

दुपारी जेवून येतो तो माझ्या टेबलावरचा फोन कुजबुजच्या हातात. ती उभी राहून कुणाला तरी काहीतरी सांगतेय, एवढ्या जोरात की मलासुद्धा 'धावत जा' ऐकू आलं. हे पोटातून बोलणं माझ्यामुळे. विचारलं, काय झालं? तिने लगेच दुसरा नंबर फिरवला.

२४ जून
काल जे झालं ते असं. मी इथे माझी बाजूही लिहिणार आहे, कारण ती दुसरीकडे कुठे लिहिली जाणार नाही.

इमारत आठ नव्हतीच. साठ होती. आठ नंबरची लिफ्ट मुळात बंदच पडलेली नव्हती, त्यामुळे पान्हा म्हणाला लिफ्ट चालू आहे, ते अक्षरशः खरं होतं. साठ नंबरमध्ये त्या बाई दोन मजल्यांच्या मधे, अंधारात, जमिनीवर बसून होत्या. निवृत्त शिक्षिका. मधुमेह. पर्समध्ये खायला काही नव्हतं. कुजबुजने फोन उचलला नसता तर काय झालं असतं, हे साहेबांनी मला दोनदा विचारलं.

आज त्या स्वतः ऑफिसात आल्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या. आरडाओरडा करतील म्हणून मी तयार होतो. पण त्या अगदी हळू बोलल्या. बराच वेळ. माझ्या टेबलासमोर बसून, माझ्याकडे बघत. मला एक अक्षर कळलं नाही. मी निश्चय क्रमांक दोनप्रमाणे अंदाजाने उत्तर दिलं, की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

त्या उठून गेल्या.

कुजबुजला विचारलं, काय म्हणाल्या? तिने कागदावर लिहून दिलं. त्या म्हणाल्या होत्या, मी तुम्हाला सांगत होते की इथे कुणी आलेलं नाही, आणि तुम्ही मला धन्यवाद म्हणत होतात.

'नाही' हा शब्द लोक वाक्याच्या शेवटी ठेवतात. तिथे पोचेपर्यंत आवाज संपलेला असतो. भाषेतच दोष आहे.

२५ जून
बसवत नाही, उठवत नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत. हिने खुणेनेच विचारलं, काय झालंय. म्हटलं, काही नाही. तिने मान हलवली आणि भाजी निवडायला बसली. कपाटातली सगळी औषधं काढली, जुनी टाकली, चुकून नवीही टाकली. परत उचलून आणली.

फोनमध्ये दोष असू शकतो. उद्या वायर तपासून घेतो.

२६ जून
वायर ठीक आहे.

२७ जून
साहेब कॉरिडॉरमध्ये भेटले. कॉपी मशीन सुरू होतं, बाजूला ड्रिलिंग चाललेलं. म्हणाले, तुमची बढती ठरली आहे, मला वाईट वाटतं पण पर्याय नव्हता, मंगळवारी ऑर्डर निघेल. वाईट का वाटावं ते कळलं नाही. बहुधा मी त्यांच्या बरोबरीला येतोय म्हणून. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, मी किती वर्षं या दिवसाची वाट बघत होतो. ते चकित झाले.

म्हणजे त्या प्रकरणाचं खापर माझ्यावर फुटलेलं नाही. वरच्यांना माणसाची पारख असते.

निश्चय: केबिन मिळाली तर खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही.

२९ जून, रविवार
घरी सांगितलं. हिने हातातली वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच जवळ येऊन, माझ्या कानाशी, एकेक अक्षर तोडून विचारलं, नक्की बढतीच म्हणाले? म्हटलं, मी काय बहिरा आहे? ती परत वाटीकडे गेली.

१ जुलै
बदली.

सुट्या भागांच्या गोदामात. बढती आणि बदली या दोन शब्दांमध्ये फरक तो कितीसा आहे. ब तर दोन्हीकडे आहे.

ऑर्डर साहेबांनी हातात दिली तेव्हा म्हणाले, तिथे फोन नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. मोठ्याने म्हणाले, माझ्या सोयीसाठी. माझ्या जागेवर आता कुजबुज बसणार.

तिने माझी खुर्ची स्वतः उचलून गोदामापर्यंत आणून दिली. पाठीला सवय झालेली असते, म्हणाली. हे ऐकू आलं. जवळ उभी होती.

४ जुलै
गोदामाचे फायदे: शांत. थंड. पुटपुटणारं कुणी नाही. बेअरिंग, दोर, बटणं, दरवाजाचे रबर, सगळं आपापल्या खणात. कुणी मागायला आलं की बोट दाखवतं, मी काढून देतो. खरं तर अशा जागी माणूस विचार करू शकतो.

दोनदा सगळे खण लावले. तिसऱ्यांदा उलट क्रमाने लावले. मग परत पहिल्यासारखे.

पान्हा दरवाजाचं रबर न्यायला आला. खुणेने विचारलं, कुठल्या इमारतीला? त्याने बोटांनी सहा आणि शून्य दाखवलं. तिथे दुरुस्ती अजून चालू आहे.

६ जुलै, रविवार
मुलगी घरी आली आहे, दोन दिवसांसाठी. रिपोर्ट मागितला. मी अभिमानाने दिला, निदान हे तरी आपल्या बाजूचं आहे म्हणून. तिने वाचला. मला समोर बसवलं, माझ्या तोंडाकडे तोंड करून बोलली, म्हणून सगळं कळलं. नाही कळलं असतं तरी चाललं असतं.

बायलॅटरल म्हणजे दोन्ही कान. मॉडरेट म्हणजे मध्यम, म्हणजे साधं बोलणंही धड पोचत नाही इतकं. मी म्हटलं, आणि प्रोग्रेसिव्ह? ती म्हणाली, वाढत जाणारं. मी म्हटलं, प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढे जाणारा. ती म्हणाली, हो बाबा, पण पुढे जातोय तो आजार. तुम्ही आहात तिथेच आहात.

तिची आई दारात उभी होती. हसेल असं वाटलं. हसली नाही.

चांगल्या घरचे शब्द दवाखान्यात गेले की असे वागतात. यावर सविस्तर लिहायचं ठरवलंय. आज नाही. आज डोकं जड आहे.

८ जुलै
ऑफिसातून लवकर निघालो आणि साठ नंबरला गेलो. माफी वगैरे मागायला नव्हे. साठ आणि आठ या आकड्यांतलं साम्य त्या बाईंना समजावून सांगावं, शिक्षिका आहेत, त्यांना पटेल, एवढंच.

लिफ्ट दुरुस्त झालेली होती. दिवा चालू, दार उघडं. बाई मात्र जिन्यात. पहिल्या वळणावर कठड्याला टेकून उभ्या, हातात सामानाची पिशवी. मला बघून ओळखलं. लिफ्टकडे मी हात केला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाचव्या मजल्यावर राहतात.

पिशवी घेतली त्यांच्या हातातून. वर चढायला लागलो. त्या पुढे, मी मागे. त्या बोलत होत्या. प्रत्येक वळणावर थांबून श्वास घ्यायच्या, मग पुन्हा बोलायच्या, पुढे बघून. मी हो हो म्हणत होतो. मधे एकदा अरेरे म्हटलं, एकदा छान म्हटलं. साम्याचा मुद्दा काढायला जागाच मिळाली नाही.

वर पोचल्यावर त्यांनी कुलूप उघडलं, वळल्या, आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, धन्यवाद.

त्या एक पाऊल जवळ आल्या आणि वर्गात विचारतात तसं, सावकाश, स्वच्छ विचारलं: मी जिन्यात तुम्हाला काय सांगितलं, ते सांगा.

पिशवी हातात. मी खाली बघितलं. पन्नाशी उलटलेला माणूस, कक्षप्रमुख, म्हणजे होतो. काही सांगता येईना. अंदाजसुद्धा सुचेना.

म्हटलं, मला ऐकू आलं नाही.

त्यांनी मान डोलावली, बरोबर उत्तर आल्यासारखी. पिशवी घेतली. म्हणाल्या, पाणी घेऊन जा. तेही ऐकू आलं नव्हतं, पण त्या ग्लास घेऊन आल्या तेव्हा कळलं.

९ जुलै
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकटा. विचारलं, काय तक्रार? मी म्हटलं, माझी आहे.

१२ जुलै
दोन्ही कानांत यंत्रं बसवली. बायलॅटरल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला त्रास होईल, हळूहळू सवय होईल. रस्त्यावर आलो आणि भिंतीला धरून उभा राहिलो. सगळं जग कागदाचं झालंय आणि कुणीतरी ते चुरगाळतंय. माझ्या चपलांना आवाज आहे. किल्ल्यांना आहे. घरचा फ्रिज गुरगुरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिने सांगितलं असेलही.

गोदामात कुजबुज भेटायला आली. तिला बोलती केली. आवाज खणखणीत आहे. तिनेच मला हळू बोला म्हणून सांगितलं. म्हणाली, सर, तुम्ही ओरडता, पहिल्या दिवसापासून, आम्हाला वाटायचं तुम्ही रागावलेले आहात.

असो. आता खरी सुरुवात. योजना: उद्या रविवार. पूर्ण दिवस हिच्यासाठी. इतके दिवस जे राहून गेलं ते सगळं ऐकून घ्यायचं. कितीही वेळ लागो. मधे बोलायचं नाही.

१३ जुलै, रविवार, दुपार
सकाळपासून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो आहे. तयारीत.

हिने चहा ठेवला, टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. चहा झाला की अशीच टकटक करते. जेवणाला तीनदा. मला वाटायचं ही तिची लकब आहे.

मधे खिडकीतून शेजारणीशी बोलत होती. मी आतून ऐकलं. शब्दन् शब्द. भरपूर बोलते. हसतेसुद्धा, मोठ्याने, मधेच थांबून. ही मार्चपासून पोहायला शिकतेय. काल पहिल्यांदा खोल बाजूने पलीकडे गेली, मधे दम संपला, वाटलं आता बुडाले, मग शिक्षिकेने सांगितलेलं आठवलं आणि उताणी होऊन आकाशाकडे बघत पडून राहिली. शेजारीण म्हणाली, बाई गं. मीही आतून तेच म्हटलं, पण हळू.

ती आत आल्यावर विचारलं, पोहायला जातेस हे मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाहून ये.

मी म्हटलं, आता सगळं ऐकू येतं. बोल. अगदी हळू बोललीस तरी चालेल.

ती हातातलं फडकं घेऊन उभी राहिली. खरोखर आठवून बघत होती, तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, काय बोलू?

वाट बघितली. ती ओटा पुसायला लागली. मग झाडांना पाणी घालायला गेली. परत आली. कोथिंबीर निवडली.

संध्याकाळ
अजून काही नाही. फ्रिज. घड्याळ. फडकं.

यंत्रं काढून बॅटरी तपासली. दोन्ही भरलेल्या आहेत.